डाव्या पायाचा हंगाम

आज सकाळी गॅरेजचं शटर वर करत होते, तेवढ्यात उसाची पहिली ट्रॉली समोरून गेली. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणं लागलेलं, चालकाच्या कानाभोवती मफलर, मागं एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि दोन्हींच्या बाजूंनी लोंबणारे उसाचे शेंडे, वाढे. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. दहा वाजेपर्यंत कराड-विटा रस्ता त्यांचाच झाला. हवेत मळीचा आंबूस-गोड वास उतरला. दोरीवर वाळत टाकलेल्या ओढणीवर काजळीचे बारीक कण बसले आणि अम्मी दरवर्षीसारखी म्हणाली, "आलं बघ कारखान्याचं काळं पीठ."

हंगाम सुरू झाला की कुणाला हुरडा आठवतो, कुणाला शेकोटी. मला माझा डावा पाय आठवतो. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. चार वर्षांपूर्वीच्या हंगामात तो मला पहिल्यांदा कळला. त्याआधी तो चालण्यापुरताच माझा होता.

आमचं गॅरेज कराडच्या बाहेर आहे. अब्बांना, म्हणजे इस्माईल मिस्त्रींना, लोक क्लचसाठी ओळखतात. इंजिन उघडणारे पुष्कळ आहेत. पण भरल्या मालाचा ट्रक चढावर गचका न देता सुटावा असा क्लच बसवणं, हे अब्बांचं काम. जतपासून, दहिवडीपासून ड्रायव्हर यायचे आणि झाडाखाली बसून राहायचे, पण दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायचे नाहीत. मी आयटीआय करून अब्बांच्या हाताखाली आले तेव्हा वीस वर्षांची होते. सहा वर्षांत गिअरबॉक्स उतरवण्यापासून प्लेट मध्यावर आणून बसवण्यापर्यंत सगळं मला यायला लागलं. एक गोष्ट मात्र अब्बांनी कुणाला दिली नव्हती: शेवटची टेस्ट. काम कुणीही केलेलं असो, गाडी सोडण्याआधी अब्बा स्वतः बसायचे, पुलापर्यंत जाऊन यायचे आणि उतरून नुसती मान हलवायचे. मान हलली की गाडी गेली. त्या मानेची वाट बघण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट, ही आपल्या बापाची सही आहे, असं वाटून छाती भरून यायची.

त्या हंगामात एक निळी गाडी आली. दोन दारांची, इतकी बुटकी की शेजारी ट्रॅक्टर उभा राहिला तर त्याच्या चाकाआड झाकून जावी. कराडला डोळ्यांच्या एक डॉक्टर आहेत, पंचावन्नच्या पुढच्या. अब्बा त्यांना बाई म्हणतात. मुलं परदेशी, दवाखाना चालता. त्यांनी आयुष्यभराची हौस म्हणून पुण्याच्या कुणाकडून ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. गिअर हातानं टाकायचे, क्लच पायानं दाबायचा. आपोआप काही नको, ही त्यांची अट. आणि घेतल्यावर महिनाभरात, पसरणी घाटात सुट्टीच्या गर्दीत अडकून, हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवून, गाडी रेटत त्यांनी प्लेट जाळली होती.

"मिस्त्री, माझीच चूक आहे," त्या उतरल्या उतरल्या म्हणाल्या. "मी हिला रिक्षासारखं चालवलं."

अब्बा हसले. असं कबूल करणारं गिऱ्हाईक त्यांना फार आवडायचं.

गिअरबॉक्स मी उतरवला. जळक्या प्लेटचा तो करपट वास अजून नाकात आहे. नवी प्लेट मी बसवली, क्लचच्या नळीत तेल भरून त्यातली हवा काढायचं काम अब्बांनी केलं. मग ते गाडीत बसले, म्हणजे जवळजवळ झोपलेच, कारण त्या गाडीत पाय पुढं लांब करून बसावं लागतं. पुलापर्यंत जाऊन आले. उतरले. मान हलवली.

डॉक्टर बाई गाडी घेऊन निघाल्या आणि फाटकात कर्रकन गिअर वाजला. गाडीनं एक उडी मारली आणि अर्धी रस्त्यावर, अर्धी आत अशी बंद पडली. उसाच्या ट्रॉल्या खोळंबल्या. बाईंनी पुन्हा सुरू केली. पुन्हा कर्र, पुन्हा उडी. अब्बांनी जाऊन खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "क्लच बरोबर हाय, बाई. नवी प्लेट हाय. तुमचा पाय बसायचाय अजून."

त्या बिचाऱ्या मान डोलावून उतरल्या. गाडी आत घ्यायला मी बसले. क्लच दाबला आणि मला एका दाबात कळलं. वरचा अर्धा भाग पोकळ. पाय नुसताच खाली गेला, आणि क्लच सुटला तो पार तळाला. नळीत हवा राहिली होती. असं पेडल अब्बांच्या पायाखालून जाणं शक्यच नव्हतं. मी पाय काढला आणि चपलेचा तळ चिकट लागला. बघते तर पेडलच्या रबरावर रक्त.

"अब्बा, चप्पल काढा."

"काय झालं?"

"काढा म्हणते ना."

त्यांच्या डाव्या चपलेच्या तळातून एक मोडकी पिन आरपार वर आली होती. तळपायात घुसलेली. किती वेळ होती, अल्ला जाणे. अब्बा माझ्याकडं, मग पायाकडं बघत राहिले, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे.

डॉक्टर बाई सरळ ग्रीसच्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. "मिस्त्री, डोळे मिटा," त्या म्हणाल्या आणि गाडीच्या किल्लीचं टोक त्यांच्या तळव्यावर फिरवलं. "कळतंय?"

"लावा की मग," अब्बा डोळे मिटून म्हणाले.

"लावलंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "साखर आहे ना तुम्हाला? किती दिवस झाले पाय असा होऊन?"

अब्बांनी डोळे उघडले. रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रॉल्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "दोन पावसाळे."

दोन पावसाळे! म्हणजे दोन वर्षं अब्बा पायाशिवाय क्लच बघत होते. इंजिनाचा आवाज कधी खाली बसतो ते ऐकून, गुडघा किती वाकला त्याचा अंदाज धरून. ट्रकच्या इंजिनाला मोठा आवाज असतो, तिथं ते निभावून गेलं. या नाजूक गाडीत निभावलं नाही.

मला वाटलं होतं ते आत निघून जातील. ते उठले, एका पायावर भार देऊन उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, "बाई, मघाशी खोटं बोललो. तुमचा पाय बरोबर हाय. माझाच ऱ्हायला न्हाई. माफी करा."

त्या दिवसाचा सगळ्यात मोठा अभिमान कशाचा, असं मला कुणी विचारलं तर मी हेच वाक्य सांगेन. ट्रॉलीवाले, दोन गिऱ्हाइकं, मी, सगळ्यांच्या समोर ते बोलले. आवाज जराही खाली न आणता.

पायाला मलमपट्टी झाली. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, असं पाय बघणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं. अब्बांना खुर्चीत बसवून समोर स्टूल ठेवलं, त्यावर पांढरा बांधलेला पाय. डॉक्टर बाईंनी गाडी न्यायचं नाव काढलं नाही. मलाच म्हणाल्या, "नव्या प्लेटला सुरुवातीला सांभाळून चालवायचं असतं ना? मग तूच चालव. रोज चालव. तिच्यावर तुझा पाय बसला की मला शिकव. गाडीवाचून माझा दवाखाना काही अडत नाही."

आधी हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं खाली झोपून नळीच्या टोकाचं निपल सैल करून हवा सोडायची, एकानं वर बसून पेडल दाबायचं. मी खाली झोपले. वर कोण? अम्मीनं साडीचा पदर खोचला आणि त्या निळ्या गाडीत जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा पाय पेडलवर पडला.

"दाब," मी खालून ओरडले. "धरून ठेव. सोड."

"आवं, हे तर तळाला जाम जड हाय," ती अब्बांना म्हणाली.

"दाब गं. बोलू नको," अब्बा म्हणाले.

दहा-बारा वेळा दाबून झाल्यावर ती थांबली. "नसू, आता येगळं लागतंय. आदी कसं, हापशागत लागत हुतं. पाणी उतरलेल्या बोअरचा हापसा हाणला की पोकळ जातो बघ, तसं. आता पाणी धरल्यागत वाटतंय."

मी गाडीखालून बाहेर आले. अब्बा खुर्चीत सरळ होऊन बसले होते. मला क्लच शिकवायला ते सहा वर्षं शब्द शोधत होते आणि शेवटी "कळंल तुला" एवढंच म्हणायचे. ते अम्मीकडं बघून म्हणाले, "चाळीस वर्षं मला सांगता आलं न्हाई गं."

"मला कवा इचारलं तुमी?" अम्मी म्हणाली आणि पदर सोडून भाकरी टाकायला गेली.

मग सुरू झाला माझा हंगाम. रोज सकाळी ऊन जरा वर आलं की मी गाडी काढायची, अब्बांना शेजारी बसवायचं आणि बाजाराचा दिवस नसेल तर मोकळ्या बाजारतळावर जायचं. मला वाटायचं, मला गाडी येते. पिकअप येत होती, ट्रक आवारात पुढंमागं करता येत होता. पण ट्रकचा क्लच समजूतदार असतो. तो हळू हळू पकडतो, माणसाला वेळ देतो. हिचा क्लच म्हणजे दार. उघडं नाहीतर बंद. पेडल जड, स्प्रिंग पाय वर फेकणारी, आणि पकडायची जागा बोटाच्या पेराएवढी. त्या पेराच्या अलीकडं गाडी ढिम्म, पलीकडं उडी नाहीतर बंद.

"चपला काढ," अब्बा पहिल्या दिवशी म्हणाले. "आन उजवा पाय बाजूला ठेव. त्याचं काम न्हाई. अ‍ॅक्सिलेटर न देता, नुसत्या क्लचवर गाडी हलवायची. हलली की थांबव. परत हलव."

पहिल्या दिवशी गाडी किती वेळा बंद पडली ते मी सांगणार नाही. मांडी भरून आली, पोटरी थरथरायला लागली. अब्बांचा हात मात्र सगळा वेळ गिअरच्या दांड्यावर हलका टेकलेला. त्यांचे हात शाबूत होते. "आता आली बघ थरथर. थांब. पाय तिथंच धर. गेलीस पुढं." मग पुन्हा. जी जागा त्यांच्या पायाला आता लागत नव्हती ती ते तळहातानं शोधायचे आणि माझ्या पायाला सांगायचे. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघं एकच क्लच दाबत होतो.

मला आता वाटतं, माणूस आपल्या पोरांना घर देतो, जमीन देतो, नाव देतो. पण पायाच्या चवड्यात साठलेलं कसं द्यायचं? ते मागताही येत नाही. मागितलं तरी देणाऱ्याला सापडत नाही कुठं ठेवलंय ते. अब्बांना सापडलं ते पायाची जाण गेल्यावर, आणि तेही माझ्या पायात शोधताना.

पण रस्त्यावर आले की मी सगळं विसरायचे. त्या दिवसांत कराडच्या कुठल्याही रस्त्याला निघा, पुढं ट्रॉली. पन्नास पावलं चाल, थांब. वीस पावलं, थांब. एवढी शंभर-दीडशेनं धावणारी गाडी आणि पुढं उसाच्या वाढ्यांचं शेपूट. एकदा नाक्यावर लागोपाठ तीनदा बंद पडली. पुढचा ट्रॅक्टरवाला, जतकडचा पोरगेला माणूस, मागं वळून ओरडला, "अक्का, ढकलायचं का?"

मला रडू येईल असं वाटलं. अब्बा खिडकीतून बाहेर डोकावले. "ढकल की गड्या. पर आदी तुझ्या ट्रॅक्टरचा क्लच दाखव मला. हाफवर पाय ठिवून बसतोस, वास येतोय हितवर."

तो लाजला. चारच दिवसांनी खरंच ट्रॅक्टर घेऊन गॅरेजला आला, आणि तो क्लच मी केला.

रांगेतच मी शिकले. बाजारतळावर जमतं ते रस्त्यावर जमत नाही, आणि रस्त्यावर घाई करता येत नाही, कारण पुढं ऊस आहे. हळूहळू पाय ऐकायला लागला. आधी पोकळ. मग जड. मग त्या जडपणाच्या आत एक बारीक सैलपणा, जणू पलीकडून कुणी हात धरला. तिथं पाय थबकायचा आणि गाडी आपण होऊन सरकायची. रस्त्यावर सांडलेल्या कांड्या चाकाखाली फुटल्याचं सुद्धा कळायचं. आठवड्यात एकदा डॉक्टर बाई येऊन पाठीमागच्या त्या नावापुरत्या सीटवर अंग चोरून बसायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. "मिस्त्री, तुम्ही सांगता ते डॉक्टरकीच्या पुस्तकात पण असं नीट नसतं," असं म्हणायच्या. अब्बा खिडकीबाहेर बघायचे, पण कान लाल व्हायचे.

आगाशिवच्या डोंगराच्या बाजूला एक चढ आहे. जानेवारीत एका सकाळी आम्ही त्या चढावर अडकलो. पुढं ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागं नाकाला नाक लावून एसटी. ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होत होती. तो थांबला, आणि वीतभर मागं आला. मागं एसटीचा हॉर्न. मला मागं सरकायला जागा नव्हती, आणि पुढं उडी मारली तर ट्रॉलीखाली.

"अब्बा."

"ब्रेक धर. क्लच सोडत ये. माझ्याकडं बघू नको, बॉनेटकडं बघ."

मी पाय सोडत आणला. पोकळ, जड. तिथं पलीकडचा हात लागला. बॉनेट अगदी बोटभर वर उचललं गेलं.

"ब्रेक सोड."

मी ब्रेक सोडला. गाडी उभी राहिली. ना पुढं, ना मागं. तेवढ्या चढावर, ब्रेकशिवाय, माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर. दोन श्वासांएवढाच वेळ. ट्रॅक्टरनं धूर सोडला आणि सुटला. मी पाय आणखी केसभर उचलला, उजव्यानं थोडं दिलं, आणि गाडी चढाला लागली. गचका नाही, उडी नाही.

वर पोहोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली. मी गिअरच्या दांड्याकडं पाहिलं. अब्बांचा हात त्यावर नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो हात बराच वेळ तिथं नव्हताच. मांडीवर होता. चढ सुरू व्हायच्या आधीच त्यांनी तो उचलला असावा. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

त्या आठवड्यात डॉक्टर बाईंना गाडी द्यायची ठरली. अब्बा खुर्चीत होते. बाईंनी सवयीनं त्यांच्याकडं पाहिलं. अब्बांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी पुलापर्यंत गेले, परत आले, उतरले. सगळे माझ्याकडं बघत होते. मान कशी हलवायची तेच मला कळेना. शेवटी मी म्हणाले, "झाली, बाई." अब्बा फार हसले. एवढं लांबलचक शेवटच्या टेस्टला कधी कुणी बोललं नव्हतं म्हणाले.

त्यानंतरचा हा चौथा हंगाम. आता टेस्ट माझीच असते. माझ्याकडून शिकलेल्या डॉक्टर बाई पसरणी घाट झोकात चढतात आणि वर पोहोचल्या की मला फोन करतात. अब्बा जाड तळाचे, खास बनवून घेतलेले बूट घालून सकाळी खुर्चीत येऊन बसतात. एक बोट गेलं, पाय राहिला. पहिले काही महिने काही जुने ड्रायव्हर माझ्या हातात गाडी द्यायला कचरायचे. अब्बा त्यांना समजावत बसले नाहीत. चहा पाजायचे आणि म्हणायचे, "चालवून बघ. न्हाई पटलं तर ने दुसरीकडं." कुणी नेली नाही. आज पहिल्या ट्रॉलीच्या मागोमाग जो ट्रॅक्टर आत आला तो माझं नाव घेऊन आला, आणि मी अजूनही, कबूल करते, अशा वेळी क्षणभर पाठ फिरवून पान्हे शोधायला लागते, चेहरा दिसू नये म्हणून.

त्या वर्षाची एक दुपार सांगायची राहिली. हंगाम संपत आला होता, शिवारं मोकळी दिसत होती, आणि अब्बांचा पाय दाखवायला सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं जायचं होतं. बोट काढावं लागेल, हे जवळपास नक्की होतं. डॉक्टर बाईंनी स्वतःची गाडी दाराशी आणून लावली. "हिच्यातून जा. हिच्यात मिस्त्रींना पाय लांब करून बसता येईल."

पेठ नाक्याहून आत वळलो आणि आष्ट्यापर्यंत रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला. थांबत, सुटत, थांबत, सुटत. मी बोलत होते, काहीबाही, त्यांचं मन दवाखान्यातून निघावं म्हणून. उत्तर येईना. बघते तर अब्बा झोपलेले. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं.

अब्बा गाडीत झोपत नाहीत. एसटीत नाही, लग्नाच्या वऱ्हाडात नाही, मावसभावाच्या नव्या गाडीत सुद्धा नाही. ते चाळीस वर्षं प्रत्येक गाडीत ड्रायव्हरचा पाय ऐकत बसलेले असायचे, आणि प्रत्येक गचक्याला त्यांच्या कपाळावर एक आठी यायची. मी गप्प झाले. सांगलीपर्यंत किती वेळा थांबले आणि किती वेळा सुटले याचा हिशेब नाही. पण त्यांची मान होती तिथून हलली नाही.

दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा इंजिन बंद झाल्यावर ते जागे झाले. "आलो? कवा आलो?" वॉचमन तेवढ्यात गाडीभोवती एक चक्कर मारून आला होता.

"लय भारी गाडी हाय, चाचा," तो वाकून म्हणाला. "तुमची का?"

अब्बांनी आधी चांगला पाय खाली टेकला, मग माझ्या खांद्याला धरून उभे राहिले.

"गाडी कराडच्या डॉक्टरीणबाईंची," ते म्हणाले. "क्लच माझ्या पोरीचा."